कपाटामागची चार बोटं

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता हे गेले. मी चहा गाळत होते. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मी कप घेऊन आले आणि ‘अहो’ म्हटलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी कप टेबलावर ठेवला आणि शेजाऱ्यांचं दार वाजवलं.

लग्नानंतर सगळी वर्षं मी त्यांना ‘अहो’ म्हणत आले, आणि दुसऱ्यांशी बोलताना ‘हे’. इथेही तसंच लिहिते. दुसरं काही लिहायला हात वळत नाही.

हे बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काम करत होते. लग्न होऊन इथे आलो ते इथलेच झालो. मुलगी नोकरीमुळे महादेवपुऱ्यात राहते. आम्ही दोघं जे. पी. नगरला. निवृत्तीनंतर पुण्याला परत जायचं असं आम्ही बोलत असू, पण बोलण्यापलीकडे ते कधी गेलं नाही.

ह्यांना मोजायची सवय होती. शर्टाच्या खिशात एक छोटी वही, तिच्यात पेन्सिल अडकवलेली. बाल्कनीतल्या कुंड्यांमधलं अंतर, नळातून बादली भरायला लागणारा वेळ, बसथांब्यापर्यंतची पावलं, काहीही त्या वहीत जायचं. मी थट्टा करायची. तेरावा झाल्यावर, घरातली माणसं पांगल्यावर, मी ती वही उघडली. अक्षर पाहायला, बाकी काही नाही.

शेवटच्या पानांवर शनिवारच्या नोंदी होत्या. ‘कपाट भिंतीपासून दोन बोटं.’ पुढे, ‘कपाट तीन बोटं.’ आणखी पुढे, ‘चार बोटं. अक्कांच्या पदराला पांढरी भुकटी. माझ्यासमोर काही पुसत नाहीत.’ आणि त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी: ‘भिंत माझ्यामुळे बिघडली आहे. मेष्ट्रूंना सांगायला हवं. पुढच्या शनिवारी नक्की.’

पुढच्या शनिवारी घरात मंत्र चालले होते.

ते कपाट आणि ती भिंत आनेकलमधल्या एका घरातली. त्या घराशी आमचं काही नातं नव्हतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी हे कुणा जुन्या सहकाऱ्याला भेटायला आनेकलला गेले, सहकारी घरी नव्हता, आणि परतीच्या बसला वेळ होता म्हणून गावात फिरले. रेशमाच्या मागांचा आवाज येणाऱ्या एका गल्लीच्या टोकाला हे घर. पुढे उंच जगली, म्हणजे आपण ज्याला ओटा म्हणतो तो, पण इथली जगली बसायची जागा असते, नुसता चढायचा दगड नव्हे. लाकडी खांब, बसून बसून गुळगुळीत झालेली कड, आणि आत उघडा चौक. जगलीवर आठ-दहा माणसं बसली होती आणि पांढरं धोतर नेसलेले एक गृहस्थ मोठ्यानं पेपर वाचत होते. ह्यांना वाटलं काही सभा आहे. ते पायरीशी उभे राहिले. वाचणाऱ्यांनी वाक्य न तोडता हातानं बसायची खूण केली.

ते गृहस्थ म्हणजे त्या घराचे मालक, निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना मेष्ट्रु म्हणतं. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण राहते, तिला सगळे अक्का म्हणतात. गावात पहिला पेपर आला तो ह्याच घरी, आणि वाचता येणारी माणसं फार नव्हती म्हणून मेष्ट्रूंच्या आजोबांच्या वडिलांनी जगलीवर बसून तो सगळ्यांना वाचून दाखवला. तेव्हापासून रोज सकाळी वाचतात. आता सगळ्यांना वाचता येतं, सगळ्यांच्या हातात फोन आहे, तरी येतात. घराचं वय मेष्ट्रूंना विचारलं तर दर वेळी वेगळं सांगायचे. एकदा दीडशे वर्षं, एकदा दोनशे. हे वहीत दोन्ही आकडे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढायचे.

त्या दिवशी घरी आल्यावर हे मला म्हणाले, “तिथे एक खोली आहे. जगलीच्या डाव्या हाताला. जुनी पुस्तकं आहेत. कुणी लावलेली नाहीत.” त्यांना माहीत होतं, एवढं सांगितलं की पुरे.

पुढच्या शनिवारपासून आम्ही दोघं जाऊ लागलो. बन्नेरघट्टा रस्त्यावरून जिगणीमार्गे बस. सकाळच्या बसमध्ये पाळीवर जाणारे कामगार असायचे, जिगणीला बस निम्मी रिकामी व्हायची, आणि मग दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं आणि गोदामांच्या पत्र्याच्या भिंती आळीपाळीनं दिसायच्या. साडेनऊला आनेकल. अक्कांची कॉफी तयार असायची, पितळी पेल्यात. मी खोलीत जायचे, हे जगलीवर खांबाला टेकून वाचन ऐकायचे आणि मग मेष्ट्रूंबरोबर घराभोवती फिरायचे.

खोलीत एक कपाट होतं, फणसाच्या लाकडाचं, खोलीतच बसून बनवलेलं. दारातून ते बाहेर जात नाही. ह्यांनी पहिल्याच महिन्यात मोजून तसं जाहीर केलं होतं, जणू कुणी ते न्यायला निघालं होतं. त्या कपाटात शाळेची पुस्तकं, पंचांगं, कन्नड मासिकांचे गठ्ठे, बैलांच्या औषधांवरची एक पोथी. मी कामाला लागले. मला शिकवलेल्या पद्धतीनं तीन ढीग केले: ठेवायचे, दुरुस्त करायचे आणि काढून टाकायचे. खालून तिसऱ्या खणात वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा होता. वेगवेगळ्या वर्षांचे पेपर, काही पिवळे पडलेले, एकाही पेपरची घडी मोडलेली नाही. कुठलेही दोन अंक सलग नाहीत. अशा तुटक संग्रहाचा ग्रंथालयाला उपयोग नसतो. मी तो गठ्ठा तिसऱ्या ढिगात ठेवला आणि मेष्ट्रूंना म्हटलं, “हे रद्दीत घालायला हरकत नाही.”

“सरी, मेडम,” मेष्ट्रु म्हणाले. सरी म्हणजे बरं.

पुढच्या शनिवारी गठ्ठा परत तिसऱ्या खणात. मला वाटलं, राहून गेलं असेल. मी पुन्हा काढला. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा खणात. मी पुन्हा काढला, आणि जरा मोठ्यानं म्हटलं की ह्यानं वाळवी लागेल. तेव्हा जगलीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या विणकराला ह्यांनी हळूच विचारलं, काय आहे ते. तो म्हणाला, “आमची माणसं आहेत ती.”

जगलीवर येणारं कुणी वारलं की दुसऱ्या दिवशी तिथे पेपर वाचत नाहीत. आलेला पेपर घडी न मोडता, कोपऱ्यात पेन्सिलीनं नाव लिहून कपाटात ठेवतात. त्या माणसानं ऐकला नाही तो पहिला पेपर. त्याच्या पुढच्या दिवसापासून वाचन पुन्हा सुरू होतं.

मी तो गठ्ठा स्वतःच्या हातांनी परत ठेवला. अक्का दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, “मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?” अक्का म्हणाल्या, “तू एवढ्या लांबून येतेस, प्रेमानं धूळ झटकतेस. तुला चुकलं कसं म्हणायचं? आम्ही उचलून परत ठेवत होतो, त्यात काय.”

हे त्या घराचं वळण आहे. पाहुण्याला चूक दाखवत नाहीत. पाहुणा गेला की गुपचूप नीट करून ठेवतात. मला ते तेव्हा कळलं. ह्यांना कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं, असं मी बराच काळ समजत होते.

भिंत म्हणजे त्या खोलीची दक्षिणेकडची, कपाटामागची भिंत. दगडमातीची, वरून चुन्याचा गिलावा. बाहेरून तो गिलावा जागोजाग सुटला होता. ह्यांना ते बघवेना. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पोपडे सुटलेली भिंत म्हणजे अपमान वाटतो. त्यांनी मेष्ट्रूंना सांगितलं, “मी करून देतो. माझ्याकडून एवढं होऊ द्या.” मेष्ट्रु म्हणाले, “सरी, इंजिनियर सार.”

गावात चुन्याचं काम करणारा एक म्हातारा आहे. चुन्याच्या गिलाव्याला इथे गारे म्हणतात, म्हणून त्याचं नावच गारे अज्जा पडलं आहे. तो येऊन भिंतीला हात लावून गेला आणि मेष्ट्रूंच्या कानाशी काहीतरी म्हणाला. मेष्ट्रूंनी त्याला गप्प केलं. हे जे. पी. नगरहून दोन गवंडी घेऊन आले, सिमेंट आणलं, आणि दोन शनिवार-रविवारांत बाहेरची बाजू जमिनीपासून वळचणीपर्यंत गुळगुळीत केली. खालचा डावीकडचा कोपरा त्यांनी स्वतः थापला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कपाळावर सिमेंट. थापी उलटी धरली म्हणून गवंडी हसत होते. मी त्यांना इतकं खूश क्वचित पाहिलं होतं. परतीच्या बसमध्ये ते नखांतलं सिमेंट काढत म्हणाले, “ही आता पन्नास वर्षं हलत नाही.”

जमिनीतला ओलावा अशा भिंतीत चढतो. चुना तो बाहेर सोडतो, म्हणून चुना झडतो आणि भिंत टिकते. बाहेरून सिमेंट लावलं की पाण्याला तिकडून वाट राहत नाही. ते आत खोलीकडे येतं, आणि तिथे भिंतीवर क्षाराची पांढरी भुकटी फुटते. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा कपाटामागे काय चाललं आहे हे मला दिसलं नाही. एका शनिवारी खोलीत ओलं फडकं पडलेलं दिसलं तेव्हा मी अक्कांना म्हटलं होतं, “अक्का, पुस्तकांच्या खोलीत ओलं फडकं ठेवू नका हो, बुरशी येते.” अक्का “सरी, सरी” म्हणाल्या आणि फडकं घेऊन आत गेल्या.

त्या मंगळवारी मुलीनं मेष्ट्रूंना फोनवर कळवलं होतं, पण हे गेल्यावर तीन महिने मी आनेकलला गेले नाही. वही मात्र रोज उघडत होते. ‘सांगायला हवं’ एवढ्या दोन शब्दांपाशी येऊन थांबत होते. त्यांनी आयुष्यात कुणाचं काही राहू दिलं नव्हतं, आणि हे राहिलं होतं. त्या घराला हे कसे आठवतील? आठवड्यातून एकदा येणारा, भिंत बिघडवून गेलेला एक मराठी इंजिनियर म्हणून?

मुलगी म्हणाली, “आई, फोनवर सांग ना. एवढ्यासाठी दोन बस बदलत कशाला जातेस?”

“एकच बस आहे,” मी म्हटलं.

“बरं, एक. पण फोन कर.”

“फोनवर सांगायचं असतं तर त्यांनीच केला असता.”

शुक्रवारी रात्री तिनं मेसेज केला: पाण्याची बाटली ने, आणि पोचलीस की कळव.

बसमध्ये मी कन्नड वाक्यं मनात जुळवत होते. कन्नड मला येतं, पण कबुली द्यायला पुरेल एवढं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. उशिराच्या बसनं पोचले तेव्हा वाचन संपून जगली रिकामी झाली होती. अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला पाहून सूप बाजूला ठेवलं.

“बन्नी, बन्नी. या. तीन महिने बस बंद होत्या वाटतं.”

मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मेष्ट्रु आतून आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कॉफी आली. मी वही काढली आणि ती नोंद कन्नडमध्ये करून वाचली. दोन बोटं, तीन बोटं, चार बोटं. भुकटी. भिंत माझ्यामुळे बिघडली आहे. पुढच्या शनिवारी नक्की.

अक्कांनी भावाकडे पाहिलं. “म्हणजे त्यांना ठाऊक होतं?”

“मी तुला म्हणत होतो,” मेष्ट्रु म्हणाले, “सार येतात तेव्हा कपाटाकडे बघतात.”

“तू म्हणालास पुस्तकं बघतात!”

“पुस्तकं बघणारा माणूस कपाटाच्या मागे वाकून बघतो का?”

“मग तेव्हाच बोलायचं होतं. मी इकडे नऊ वाजता भिंत पुसतेय, साडेनऊला तुमची बस. एकदा तर पुसता पुसता तुम्ही दारातच. मी फडकं तिथेच टाकून पळाले.” त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तू मलाच रागावलीस.”

मी हसले. हे गेल्यावर पहिल्यांदा, आणि त्यांच्याच गोष्टीला. अक्काही हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. भिंत ओल धरते आहे हे पहिल्याच पावसात त्या बहीणभावांना कळलं होतं. त्याच्याही आधी, भिंतीला हात लावून गारे अज्जा तेच तर बोलला होता. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून ती दोघं गुपचूप कपाट ओल्या भिंतीपासून पुढे रेटत होती, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून हे ते रेटलेलं मोजत होते आणि गप्प बसत होते. आपण सांगितलं तर अक्कांची सगळी पुसापुशी उघडी पडेल, हे ह्यांना दिसत असणार. काहीच न दिसलेली मी एकटी.

“मग सिमेंट काढलं का नाही?” मी विचारलं. “आता तरी?”

मेष्ट्रूंनी पेला खाली ठेवला. मुलांना अवघड धडा शिकवताना बोलत असतील तसे सावकाश बोलले. “सार होते तोवर त्यांच्यासमोर कसं फोडायचं? आणि आता ते त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे. ते फोडायचं की ठेवायचं, हे आम्ही नाही ठरवणार. तुम्ही सांगा. ठेवा म्हणालात तर ठेवू. कपाट सुटं करून आत माजघरात नेऊ. भिंतीचं होईल ते होईल.”

मी उठून बाहेर गेले. भिंत बाहेरून तशीच गुळगुळीत होती, कुठे एक चीर नाही. खालचा कोपरा मात्र ओबडधोबड, उलट्या थापीचे फराटे तसेच वाळलेले. मी तिथे खाली बसले. हात लावला. गार होता.

त्या दिवशी मी काही सांगू शकले नाही. अक्कांनी विचारलंही नाही. डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, बांधून दिलं आणि बसपर्यंत आल्या. त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला असं लिहायला बरं वाटेल, पण तसं नाही. मी फक्त तो कोपरा आठवत होते. माझ्याजवळ त्यांचे शर्ट होते, चष्मा होता, वही होती. पण त्यांच्या हातांनी घडवलेलं आणि उन्हात वाळलेलं असं दुसरं काही नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले आणि सवयीनं खोलीत शिरून कपाट उघडलं. आत दमट वास होता. पुस्तकांच्या पाठी फुगल्या होत्या. खालून तिसऱ्या खणात तो गठ्ठा, आणि सगळ्यात वर एक नवा पेपर. त्या मंगळवारनंतरच्या बुधवारचा. कोपऱ्यात पेन्सिलीनं, कन्नड अक्षरांत, ह्यांचं नाव.

ह्याची मला कल्पनाच नव्हती. त्या जगलीवर हे बाहेरचे, आठवड्यातून एकदा येणारे, निम्म्या बातम्या शेजाऱ्याला विचारून समजून घेणारे. पण बुधवारी तिथे पेपर वाचला नव्हता. आठ-दहा माणसं येऊन बसली असतील आणि न ऐकता उठून गेली असतील.

भिंतीकडच्या बाजूला पेपरची कड ओलाव्यानं वर वळली होती. त्याच्या खालच्या पेपरचीही. त्यांनी थापलेली भिंत त्यांचाच पेपर भिजवत होती, आणि खालच्या सगळ्यांचे.

मी बाहेर येऊन मेष्ट्रूंना म्हटलं, “काढा. अज्जाला आजच बोलवा.”

गारे अज्जा छिन्नी-हातोडा घेऊनच आला, जणू तीन महिने कोपऱ्यावर उभा होता. भिंतीसमोर उभा राहून आधी वर पाहिलं आणि म्हणाला, “सार, रागावू नका. तुम्ही भिंतीला रेनकोट घातलात. तिला आतून घाम फुटलाय. काढतो हं.”

मेष्ट्रु त्याला दटावायला निघाले, पण मी पुन्हा हसले होते, म्हणून थांबले. मग मेष्ट्रु मला हळूच म्हणाले, “तो कोपरा ठेवू या का? वीतभर.”

“वीतभर रेनकोट ठेवा,” अज्जा मान न वळवता म्हणाला, “वीतभर घाम येईल. पाणी काय नाव बघून चढतं?”

मी म्हटलं, “सगळं काढा.”

कोपरा त्यानं शेवटी घेतला. तोवर मी चौकात जाऊन बसले होते. हातोड्याचे आवाज येत होते. आपण हा आवाज आठवड्याभरापूर्वी सहन करू शकलो नसतो, आणि आता करतो आहोत, एवढंच मला वाटलं. अक्का शेजारी येऊन शेंगा सोलायला बसल्या आणि अर्ध्या शेंगा माझ्या मांडीवर ओतल्या.

चुन्याच्या कामाला घाई चालत नाही. उघडी भिंत आधी कित्येक आठवडे नुसती सुकू दिली. मी शुक्रवारी फोन करून विचारायची, “सुकली का?” आणि अज्जाचा निरोप यायचा, “स्वल्प इरी.” जरा थांबा. चुना खड्ड्यात भिजत होता. हिरडा आणि गूळ पाण्यात घालून रांजणात आंबवत ठेवला होता. त्याचा आंबूस वास गल्लीत पसरायचा आणि जगलीवरची माणसं नाक धरून अज्जाला शिव्या घालायची. ते पाणी घालून चुना आणि वाळू घोटायची, पुन्हा घोटायची, लावायची, थांबायचं. शेवटचा पातळ थर अज्जानं गुळगुळीत गोट्यानं घासला. एक हातभर जागा मला दिली. म्हणाला, “पुस्तक पुसता तसं पुसू नका. जोर लावा.”

मी जोर लावला. माझी जागा बाकीच्यापेक्षा वाईट झाली. त्यानं ती पुन्हा घासली नाही. मी विचारलं तर म्हणाला, “ही चुन्याची आहे. वाईट असली तरी चालते.”

पुढे मेष्ट्रूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस वाचन कुणी करायचं असा प्रश्न आला. अक्का म्हणाल्या, “लायब्ररी मेडम करतील.” मी नाही म्हणणार होते, पण त्या घरात पाहुण्याला चूक दाखवत नाहीत, तसं पाहुण्यानं नाही म्हणायचीही रीत नाही. मी ते दिवस अक्कांकडेच राहिले. रोज सकाळी जगलीवर बसून आधी पाऊस, मग धरणाचं पाणी, मग रेशमाच्या कोशांचा बाजार, मग उरलेलं, अशा क्रमानं वाचलं. तो म्हातारा विणकर पहिल्या दिवशी डोळे मिटून ऐकत होता. मधेच म्हणाला, “मेडम, पाऊस मराठीत पडला तरी हरकत नाही, पण जरा सावकाश पडू द्या.” सगळे हसले. मी सावकाश वाचलं. हे जिथे बसायचे, खांबाला पाठ टेकून, तिथे एक भाजीवाली बसली होती, टोपली मांडीवर घेऊन. ती जागा कुणी रिकामी ठेवली नव्हती, आणि मला ते बरं वाटलं.

त्या माणसांचं माझ्यावर फार आहे. ते कसं फेडायचं मला कळत नाही, आणि त्यांना तसं काही वाटतही नाही. मी कधी बोलायला गेले तर अक्का म्हणतात, “कॉफी गार होते.” इतकी वर्षं मी पुस्तकांतून माणसं समजून घेत आले. आपली चूक कुणीतरी दर शनिवारी सकाळी नऊ वाजता, आपण यायच्या आत, पुसून ठेवत असतं, हे मात्र मला त्या खोलीतच कळलं. ह्यांना ते आधीच दिसलं होतं. आता वाटतं, ते जड मनानं गेले नसावेत. कुणी आपल्यासाठी एवढं करतं आहे हे त्यांनी शनिवारमागून शनिवार मोजून पाहिलं होतं.

ह्या वर्षीचा पाऊस होऊन गेला. भिंत आतून कोरडी आहे. कपाट भिंतीला लागून उभं आहे. खालून तिसऱ्या खणात त्या बुधवारचा पेपर आहे, कड थोडी वळलेली, घडी न मोडलेली. त्याच्यावर आणखी एक पेपर आला आहे, त्या म्हाताऱ्या विणकराचा. मी शनिवारी साडेनऊला पोचणाऱ्या बसनं जाते.